मताआधीची निवड

२०२४च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं पडली आणि कमला हॅरिस यांना सुमारे ७ कोटी ५० लाख. मताचा अधिकार असूनही मत न देणारे साडेआठ कोटींच्या वर होते. त्या देशातला सगळ्यांत मोठा गट घरी बसलेल्यांचा होता. आणि गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब पाहिला, तर २०२४चं मतदान तिथल्या मानानं चांगलंच म्हणायचं.

जे मत देतात तेही समाधानानं देत नाहीत. प्यू रिसर्च सेंटरनं २०२३मध्ये केलेल्या पाहणीत, राजकारणाचा विचार आला की नेहमी किंवा अनेकदा थकवा वाटतो, असं ६५ टक्के लोकांनी सांगितलं. आशा वाटते म्हणणारे १० टक्के निघाले. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांबद्दल वाईट मत असलेले २८ टक्के होते. तीन दशकांत हे प्रमाण इतकं कधीच नव्हतं. राजकीय व्यवस्था उत्तम चालली आहे असं मानणारे अवघे ४ टक्के. गॅलपच्या २०२४च्या पाहण्यांत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला कुठल्याच पक्षाचं न म्हणवता अपक्ष म्हणवून घेतलं.

हे आकडे आले की एक ठरावीक निदान ऐकू येतं. लोक उदासीन झाले आहेत, त्यांना नागरिकशास्त्राचा विसर पडला आहे, समाजमाध्यमांनी त्यांची मती भ्रष्ट केली आहे. मला हे निदान मुळातच चुकीचं वाटतं. अमेरिकी मतदाराचा जो भ्रमनिरास झाला आहे, तो त्याच्या अज्ञानातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. नोव्हेंबरात त्याच्यासमोर दोन नावं ठेवली जातात. ती नावं ठरत असताना, त्यांचे कार्यक्रम ठरत असताना, कोणता प्रश्न बोलायचा आणि कोणता गिळायचा हे ठरत असताना तो तिथे नसतो. तिथे पैसा असतो. मत नंतर येतं, निवड आधी होऊन गेलेली असते.

मतदार उदासीन नाही याचा पुरावा अमेरिकेतच आहे आणि तो भक्कम आहे. अनेक राज्यांत एखादा प्रश्न थेट मतपत्रिकेवर विचारता येतो. उमेदवार मध्ये नसतो, पक्ष मध्ये नसतो. २०२०मध्ये फ्लोरिडा राज्यानं ट्रम्प यांना कौल दिला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, किमान वेतन टप्प्याटप्प्यानं ताशी १५ डॉलरवर नेण्याच्या प्रस्तावाला सुमारे ६१ टक्के मतं मिळाली. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्या लाखो लोकांनी त्यांच्या पक्षाला नको असलेली वेतनवाढ स्वतःच्या हातानं मंजूर केली. २०२४मध्ये मिसूरी या पक्क्या रिपब्लिकन राज्यात १५ डॉलर वेतन आणि आजारपणाची भरपगारी रजा असा प्रस्ताव असाच मोठ्या फरकानं मंजूर झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं त्यातली रजेची तरतूद कायदा करून रद्द केली. संघराज्याचं किमान वेतन मात्र जुलै २००९पासून ताशी सव्वासात डॉलरवर खिळलेलं आहे. या काळात दोन्ही पक्षांचे अध्यक्ष येऊन गेले, दोन्ही पक्षांना दोन्ही सभागृहांत बहुमत मिळून गेलं.

मिसूरीच्या त्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. त्यानं मत दिलं, तो जिंकला, आणि त्यानंच निवडून दिलेल्या माणसांनी त्याचं जिंकलेलं परत घेतलं. पुढच्या निवडणुकीत तो रांगेत उभा राहिला नाही, तर त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

आता दोनच पक्ष का, हा प्रश्न. अमेरिकेच्या संविधानात पक्षांचा उल्लेखही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीच्या धोक्याविषयी कळकळीनं लिहिलं होतं. पण ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी आणि बाकीच्यांना शून्य, अशी पद्धत असली की मतदार आपलं मत वाया जाईल या धास्तीनं दोन बलाढ्यांपैकी एकाकडे सरकतो. फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हेर्जे यांनी १९५१मध्ये हे सूत्र मांडलं. आपल्याकडेही हीच पद्धत आहे आणि तरी पक्षांचं पेव फुटलेलं आहे, असं वाचक म्हणतील. पण आपल्याकडे राज्याराज्यांतल्या जोड्या वेगळ्या आहेत आणि पंतप्रधान संसदेतून निवडला जातो. अमेरिकेत संपूर्ण देशाचं एकच पद आहे, आणि ते राज्यवार निर्वाचक मतांनी ठरतं. १९९२मध्ये रॉस पेरो या अपक्षाला जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली. निर्वाचक मत एकही मिळालं नाही. २०००मध्ये फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि तिथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मतं पडली होती. तेव्हापासून तिसऱ्याचं नाव काढलं की डेमोक्रॅट मंडळी नेडर यांचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही, हीच खरी अडचण आहे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत लोक वीट उचलतात. वीटवाल्या पक्षाला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे वीट जास्त मऊ करण्याचं त्याला काही कारण उरत नाही.

निसर्गनियमासारखा भासणारा हा प्रकार पुष्कळसा हातानं घडवलेलाही आहे. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी किती सह्या लागतील याचे नियम राज्याराज्यांत त्याच दोन पक्षांच्या विधिमंडळांनी लिहिलेले आहेत. अध्यक्षपदाच्या वादचर्चा पूर्वी ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही महिला मतदारांची संघटना घेत असे. १९८७मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून स्वतःचा आयोग काढला आणि १९८८मध्ये या संघटनेनं, मतदारांच्या फसवणुकीत आपण सामील होणार नाही असं जाहीर करून अंग काढून घेतलं. २०००पासून आयोगाचा नियम असा होता, की राष्ट्रीय पाहण्यांत १५ टक्के पाठिंबा असेल तरच व्यासपीठावर जागा. व्यासपीठावर न दिसणाऱ्याला १५ टक्के कुठून मिळणार? मतदारसंघांच्या सीमाही बहुतेक राज्यांत सत्ताधारी पक्ष आखतो. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्षीय स्वार्थासाठी केलेल्या या आखणीत संघराज्याची न्यायालयं हात घालणार नाहीत असं सांगून टाकलं. २०२५मध्ये टेक्सासनं जनगणनेची वाटही न पाहता रिपब्लिकन पक्षाच्या सोयीनं नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियानं डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीनं प्रत्युत्तर दिलं. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी अटीतटीची लढत साधारण दहातल्या एका जागेवर होते. उरलेल्या नऊ ठिकाणी निकाल पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, लागून गेलेला असतो.

म्हणून सगळं लक्ष प्रायमरीवर हवं. पैशानं ते कधीच ओळखलं आहे.

उमेदवाराला थेट देण्याच्या देणगीवर अमेरिकेत मर्यादा आहे. २०२४ला ती एका व्यक्तीसाठी एका निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. पण २०१०च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निकालानं ठरवलं, की कंपन्यांनी आणि संघटनांनी उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर बंधन घालता येणार नाही, कारण तो भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी खालच्या न्यायालयाच्या एका निकालानं अशा स्वतंत्र गटांना कितीही देणगी घ्यायची मुभा मिळाली आणि ‘सुपर पॅक’ जन्माला आले. २०२४च्या निवडणुकीत एकट्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. त्यांच्या गटानं चुरशीच्या सात राज्यांत, एका निवेदनावर सही करणाऱ्या नोंदणीकृत मतदारांपैकी एकाला रोज दहा लाख डॉलर द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय पातळीवरच्या त्या सगळ्या निवडणुकांचा मिळून खर्च १,५०० कोटी डॉलरच्या वर गेला.

पण मस्क यांचं उदाहरण इतकं ढळढळीत आहे की त्यामुळे मुद्दा हुकतो. उघड दिसणाऱ्या पैशाला मतदार चिडतो, उलटा कौलही देतो. एप्रिल २०२५मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी मस्क आणि त्यांच्या गटांनी कोट्यवधी डॉलर खर्चले, स्वतः जाऊन सभा घेतली, आणि त्यांचा उमेदवार सुमारे दहा टक्क्यांनी पडला. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये स्वतःचे १०० कोटी डॉलरहून अधिक उधळले आणि प्रायमरीत अमेरिकन सामोआ तेवढं जिंकलं. ‘पैशानं निवडणूक विकत घेता येत नाही’ असं म्हणणारे ही उदाहरणं देतात, आणि ती खरी आहेत. मात्र पैशाचं मुख्य काम शेवटच्या दिवशी विजय मिळवून देणं हे नाहीच. ते काम खूप आधी चालतं.

२०२४च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात सिनेटच्या प्रायमरीला केटी पोर्टर उभ्या होत्या. बँकांना आणि औषधकंपन्यांना समितीपुढे उभं करून, पांढऱ्या फळ्यावर आकडे लिहून प्रश्न विचारणाऱ्या लोकप्रतिनिधी म्हणून त्यांची ख्याती. आभासी चलनाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या ‘फेअरशेक’ नावाच्या सुपर पॅकनं त्यांच्या विरोधात सुमारे एक कोटी डॉलरच्या जाहिराती लावल्या. त्या जाहिरातींत आभासी चलनाचं नावही नव्हतं. पोर्टर पडल्या. नोव्हेंबरात याच कंपन्यांनी ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष शेरॉड ब्राउन यांच्या विरोधात सुमारे चार कोटी डॉलर खर्चले, तेही पडले. हा गट काही एका पक्षाचा नाही. त्यानं दोन्ही पक्षांच्या आपल्या सोयीच्या उमेदवारांना सढळ हातानं मदत केली. एवढ्या पैशानं फक्त पोर्टर आणि ब्राउन यांना धडा मिळाला असं मानणं भाबडेपणाचं आहे. तो धडा संसदेतल्या उरलेल्या पाचशेतेहतीस जणांसाठी होता. पुढच्या वेळी आभासी चलनावर बंधनं घालणाऱ्या विधेयकावर हात वर करताना प्रत्येकाच्या मनात ते आकडे येणार. तिथे पैसा खर्च करावाही लागत नाही, तो खर्च होऊ शकतो एवढी जाणीव पुरते.

दुसरीकडे, निवडून आलेल्या माणसाचा दिवस कसा जातो तेही पाहावं. २०१३च्या सुरुवातीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीनं प्रतिनिधिगृहातल्या नव्या सदस्यांना आखून दिलेलं वेळापत्रक बातम्यांत आलं. त्यात रोजचे चार तास देणगीदारांना फोन करण्यासाठी होते. सरकारी कार्यालयातून देणग्या मागायला कायद्यानं मनाई, म्हणून संसदेजवळच्या पक्षाच्या इमारतीत जाऊन हे फोन करायचे. रिपब्लिकन सदस्यांचीही तीच कथा. लाच हा शब्द इथे लागू पडत नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षं दिवसाचे चार तास हजारो डॉलर देऊ शकणाऱ्यांशीच बोलतो, त्याला देशाची चिंता काय आहे याचा अंदाज त्याच फोनवरून येतो. सव्वासात डॉलरवर काम करणारी बाई त्या यादीत नसते.

औषधांच्या किमतींची गोष्ट या सगळ्याचा कळस आहे. २००३मध्ये वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्यविम्यात औषधांचा खर्च घेण्याचा कायदा झाला. त्यातच एक कलम घातलं गेलं: सरकारनं औषधकंपन्यांशी किमतींची घासाघीस करायची नाही. देशातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, आणि त्यानं भाव करायचा नाही! प्रतिनिधिगृहात हे विधेयक पडेल अशी चिन्हं दिसताच मतदान पहाटे जवळजवळ तीन तास उघडं ठेवून ते पारित करून घेण्यात आलं. ते पुढे नेणाऱ्यांपैकी एक, प्रतिनिधिगृहातल्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन, २००५मध्ये औषधकंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. २००८च्या प्रचारात बराक ओबामा यांनी टॉझिन यांचंच उदाहरण देणारी जाहिरात केली होती. २००९मध्ये त्यांच्याच प्रशासनानं त्याच टॉझिन यांच्याशी बोलणी केली आणि आरोग्य कायद्यातून घासाघिशीचा अधिकार बाहेर राहिला. अखेर २०२२मध्ये, एकाही रिपब्लिकन सदस्याच्या मताशिवाय, तो अधिकार मिळाला. तोही सुरुवातीला दहाच औषधांपुरता आणि नव्या किमती लागू करायचं ठरलं ते २०२६च्या जानेवारीपासून. मोठं जनमत बाजूनं असलेल्या एका साध्या गोष्टीला दोन दशकं लागली. या काळात ज्यांनी महिन्याच्या अखेरीला औषधाची गोळी अर्धी तोडून घेतली, त्यांना ‘व्यवस्थेवर विश्वास ठेवा’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

२०१४मध्ये मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या दोन अभ्यासकांनी १९८१ ते २००२ या काळातले १,७७९ धोरणविषयक प्रश्न तपासून असा निष्कर्ष काढला, की धनिकांच्या आणि संघटित उद्योगगटांच्या इच्छा वेगळ्या काढल्या तर सामान्य नागरिकाच्या मताचा धोरणावर जवळजवळ काहीच स्वतंत्र परिणाम उरत नाही. यावर टीकाही झाली आणि ती दखल घेण्याजोगी आहे: बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचं मत एकच असतं, तेव्हा सामान्यांना हवं ते पुष्कळदा मिळतं. मान्य. पण लोकशाहीची परीक्षा मतं जुळतात तिथे होत नाही. वेतन, कर, औषधं, मक्तेदारी अशा ज्या प्रश्नांवर दोघांचं हित एकमेकांच्या विरोधात जातं, तिथे कोणाचं चालतं हे पाहायचं असतं.

हे असंच चालायचं, असं मानणाऱ्यांनी मोन्टाना राज्याचा इतिहास वाचावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे तांब्याच्या खाणमालकांचं राज्य होतं. तेव्हा सिनेटर विधिमंडळातून निवडले जात. विल्यम क्लार्क या खाणसम्राटानं आमदार विकत घेऊन सिनेटची जागा मिळवली. चौकशीत लाचखोरी बाहेर आली आणि १९००मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. वर्षभरात तो पुन्हा निवडून आला. त्यावर लोकांनी निमूट घरी बसणं पत्करलं नाही. १९१२मध्ये मोन्टानाच्या मतदारांनी थेट मतदानानं कायदा केला, की कंपन्यांनी निवडणुकीत पैसा खर्च करायचा नाही. १९१३च्या एप्रिलमध्ये सिनेटची निवड थेट जनतेकडे देणारी सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्याच उन्हाळ्यात बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. ते ज्या अमेरिकेत आले ती थैलीशाहीशी झगडून नुकतीच काहीतरी जिंकलेली अमेरिका होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मोन्टानाचा तो कायदा शंभर वर्षं टिकला. २०१२मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं, साधी सुनावणीही न घेता, ‘सिटिझन्स युनायटेड’चा हवाला देऊन तो मोडीत काढला. २०२४मध्ये मेन राज्याच्या सुमारे ७५ टक्के मतदारांनी सुपर पॅकला देण्याच्या देणगीवर वर्षाला ५,००० डॉलरची मर्यादा घातली. तीही २०२५मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं रोखली. पंचाहत्तर टक्के! त्या देशात हल्ली इतक्या लोकांचं फार थोड्या गोष्टींवर एकमत होतं.

इथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं निवडणूक रोखे रद्द केले. त्या निकालाचा पाया होता अनुच्छेद १९(१)(क), म्हणजे तेच अभिव्यक्तिस्वातंत्र्य. अमेरिकी न्यायालयानं त्या स्वातंत्र्याकडे पैसा खर्चणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं. आपल्या न्यायालयानं मतदाराच्या बाजूनं पाहिलं: कोण कोणाला पैसा देतो हे कळल्याशिवाय त्याचं मत स्वतंत्र होत नाही. कंपन्यांना अमर्याद देणग्या द्यायची मोकळीक देणारी दुरुस्तीही त्याच निकालात गेली. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला काहीच नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे. पण एकच तत्त्व दोन देशांत दोन दिशांना नेता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. पैसा म्हणजे भाषण हा काही ईश्वरी नियम नव्हे. तो पाच विरुद्ध चार असा निकाल आहे.

अमेरिकेच्या या व्यवस्थेत शिरलेल्या, आपल्या भागाशी नाळ असलेल्या दोन व्यक्तींचा प्रवास मला या संदर्भात फार बोलका वाटतो. एक, श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला, गरिबी सोसून रसायनशास्त्राच्या बळावर अमेरिकेत उद्योजक झालेला हा माणूस मराठी वाचकाला त्याच्या आत्मकथनामुळे परिचित आहे. २०१८मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर घातले आणि ते तिसरे आले. २०२२मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून पुन्हा स्वतःच्या लक्षावधी डॉलरच्या बळावर उतरले. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यामागे बाहेरच्या गटांचा पैसा उभा होता. नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतं घेऊन ठाणेदार जिंकले, आणि तो मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्यानं संसदेतही पोहोचले. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि त्यांनी कोणताही नियम मोडला नाही. पण प्रायमरीत ७२ टक्के मतदारांनी दुसरं कोणी मागितलेलं असताना निवड होऊन गेली, आणि ती लढत घरचा पैसा विरुद्ध बाहेरचा पैसा अशी होती. कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेल्या डेट्रॉइटला जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या मतदाराला यात आपलं काय होतं असा प्रश्न पडला, तर तो गैर नाही.

दुसरी व्यक्ती क्षमा सावंत. पुण्यात जन्म, मुंबईत शिक्षण. २०१३मध्ये त्यांनी सिएटलच्या नगर परिषदेत सोळा वर्षं बसलेल्या सदस्याला हरवलं, तेही दोन्ही पक्षांच्या बाहेर राहून, उघड समाजवादी म्हणून. हे शक्य झालं कारण सिएटलच्या त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. पहिल्या फेरीतले पहिले दोघं अंतिम फेरीत जातात. २०१४मध्ये सिएटल हे १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा करणारं पहिलं मोठं अमेरिकी शहर ठरलं. २०१९मध्ये ॲमेझॉननं तिथल्या परिषदेच्या निवडणुकीत सुमारे १५ लाख डॉलर घातले. सावंत मतमोजणीच्या रात्री मागे होत्या आणि शेवटी जिंकल्या. २०२३च्या फेब्रुवारीत त्यांच्याच प्रस्तावावरून सिएटल जातिभेदावर कायद्यानं बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं. सावंत यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. त्यांच्या भाषेतला कडवटपणा मला अनेकदा अनावश्यक वाटतो. तरीही जातीचा प्रश्न अमेरिकेच्या एका सभागृहात कायदा म्हणून उभा राहिला तो दोन पक्षांच्या चौकटीत न बसलेल्या व्यक्तीमुळे, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच सिएटलमध्ये २०१५मध्ये मतदारांनी आणखी एक गोष्ट मंजूर करून घेतली. शहरातल्या प्रत्येक पात्र रहिवाशाला २५ डॉलरची चार कुपनं मिळतात आणि ती तो आपल्या पसंतीच्या उमेदवाराला देतो. पैसा मालमत्ताकरातून येतो. न्यूयॉर्क शहरात रहिवाशाच्या छोट्या देणगीला महापालिका आठपट रक्कम जोडते. शिवाय तिथे प्रायमरीत मतदार पसंतीक्रम देतो, त्यामुळे मत वाया जाण्याची धास्ती कमी होते. २०२५च्या जूनमध्ये महापौरपदाच्या प्रायमरीत या दोन नियमांच्या जोरावर काय होतं ते दिसलं. अँड्र्यू क्युओमो या माजी गव्हर्नरांच्या मागे असलेल्या सुपर पॅकनं दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. त्यात एकट्या ब्लूमबर्ग यांचे ८० लाखांहून अधिक होते. आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत फारसं कोणाला ठाऊक नसलेले झोहरान ममदानी जिंकले. नोव्हेंबरात महापौरपदासाठी वीस लाखांहून अधिक मतं पडली. १९६९नंतर असं पहिल्यांदाच घडलं. ममदानी कारभार कसा करतील हा वेगळा विषय. पण ज्या मतदाराला आपण उदासीन म्हणत होतो, तो दार उघडं दिसताच बाहेर पडला.

ही वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. २०२४मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा, ओरेगन आणि आयडाहो या चारही राज्यांच्या मतदारांनी पसंतीक्रमाची पद्धत फेटाळली. अलास्कात ती साताठशे मतांनी वाचली. यातल्या काही ठिकाणी सुधारणेच्या प्रचारालाच बड्या धनिकांचा पैसा होता, आणि माझ्या मते लोकांना तो खुपला. सुधारणा वरून, थैली सोडून आणली की ती सुधारणा वाटत नाही. नेब्रास्कात डॅन ऑसबॉर्न यांनी दुसरी रीत दाखवली. केलॉग्जच्या ओमाहातल्या कारखान्यात संप लढवलेला हा मेकॅनिक २०२४मध्ये सिनेटसाठी अपक्ष उभा राहिला. डेमोक्रॅटिक पक्षानं उमेदवारच दिला नाही, त्यामुळे मतं फुटली नाहीत. ट्रम्प ज्या राज्यात वीस टक्क्यांनी जिंकले तिथे ऑसबॉर्न सात टक्क्यांहून कमी फरकानं पडले. मला यात पराभवापेक्षा तो फरक महत्त्वाचा वाटतो.

न्यू जर्सीत, बे एरियात, डेट्रॉइटमध्ये, सिएटलमध्ये राहणाऱ्या आणि नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांशी शेवटी बोलायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण दर चार वर्षांनी एकदा, दोन्ही उमेदवारांना नावं ठेवत, मत देऊन येता. निदान प्रायमरी चुकवू नका. तिथे मतदान फार कमी होतं, आणि म्हणूनच तुमच्या घरातल्या चार मतांना नोव्हेंबरापेक्षा कितीतरी जास्त वजन असतं. आपल्या राज्याचे नियम वेळेत पाहा. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरीला फक्त पक्षाकडे नोंदलेल्यांनाच मत देता येतं; शहरातले दहा लाखांहून अधिक अपक्ष मतदार त्यामुळे बाहेर राहतात. प्रायमरी जूनमध्ये असली, तरी तिथे पक्षनोंदणी बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते.